समुद्रात कचरा न टाकण्याच्या करारात आपण का नाही?

मुठाकाठची:

नववीला भूगोल शिकवते. परवा वर्गात समुद्राच्या प्रदूषणाचा विषय चालू होता. बोलता बोलता मी म्हटलं, की जहाजात कचरा भरायचा आणि भर समुद्रात नेऊन ओतायचा, याला आता जगात बंदी आहे, त्यासाठी करार झालेला आहे. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मग बाई, आपली सही आहे ना त्याच्यावर?" 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण खात्री नव्हती, म्हणून उद्या सांगते म्हणाले. घरी येऊन शोधलं. आपण त्यात नाही. १९७२ च्या लंडन करारातही नाही आणि १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलमध्येही नाही.

ज्यांना हे करार माहीत नसतील त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. १९७१ च्या जुलैत रॉटरडॅमहून 'स्टेला मॅरिस' नावाचं जहाज निघालं. पोटात साडेसहाशे टन क्लोरीनयुक्त रासायनिक कचरा. तो समुद्रात ओतून रिकाम्या जहाजानं परत यायचं, एवढाच बेत. बोभाटा झाला, काठावरचे देश विरोधात उभे राहिले आणि जहाज भरल्या पोटानंच माघारी फिरलं. पुढच्या वर्षी युरोपातल्या देशांनी ऑस्लोला आपल्यापुरता करार केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनला साऱ्या जगासाठीचा झाला. तो १९७५ पासून लागू आहे. त्यात दोन याद्या होत्या. काळ्या यादीतलं काहीही टाकायचं नाही : पारा, कॅडमियम, न कुजणारं प्लास्टिक, खनिज तेल, जहाल किरणोत्सारी कचरा. करड्या यादीतलं टाकायचं तर खास परवाना घ्यायचा.

१९९६ च्या प्रोटोकॉलनं, म्हणजे याच कराराच्या नव्या रूपानं, ही रीतच उलटी केली, आणि मला खरं बोलायचंय ते यावर. 'हे हे टाकू नका' असं न म्हणता त्यांनी म्हटलं, की काहीच टाकायचं नाही. मग जे चालेल त्याची छोटीशी यादी दिली : बंदरातून उपसलेला गाळ, मासळीचा टाकाऊ भाग, जुनी जहाजं आणि समुद्रातले तेल काढायचे फलाट, मूळचे दगड-माती, नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ, असंच थोडंफार. त्यालाही परवाना हवाच. आणि परवाना मागण्याआधी जमिनीवर दुसरा काही मार्ग निघतो का ते दाखवायचं. मैलागाळ आधी या यादीत होता, तो २०२२ मध्ये काढून टाकला. म्हणजे यादी आखडूही शकते. कारखान्यात नवं रसायन निघालं तर ते घातक आहे हे सिद्ध होईपर्यंत वाट बघत बसायला नको. यादीत नाही ना, मग बंद.

१९७२ च्या लंडन करारात अफगाणिस्तान आहे, बोलिव्हिया आहे, स्वित्झर्लंड आहे. तिघांनाही समुद्र नाही. पाकिस्तान आहे. नव्या मोजणीनुसार अकरा हजार किलोमीटरांहून जास्त किनारा असलेले आपण नाही. भारतानं लंडन प्रोटोकॉलमध्ये सामील व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाला वेगळं वाटत असेल तर ऐकायचंय.

नागझरी:

बाई, तळमळ कळते, पण घोडं पेंड खातंय ते दुसरीकडेच.

मी ड्रेनेजच्या कामात पंचवीस वर्षं काढली. समुद्रात जाणाऱ्या कचऱ्यातला मोठा वाटा जमिनीवरून येतो. नाल्यांतून, नद्यांतून, पाइपांतून. आणि तुमच्या लंडन करारात 'टाकणं' याची व्याख्या काय आहे? जहाजातून, विमानातून, समुद्रातल्या फलाटावरून किंवा समुद्रात माणसानं उभारलेल्या बांधकामातून मुद्दाम टाकलेलं. बस्स. नदीनं वाहून नेलेलं त्यात बसत नाही. किनाऱ्यावरून पाइप टाकून सोडलेलं बसत नाही. फुकुशिमाचं पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडताहेत. सुमारे एक किलोमीटरचा बोगदा समुद्राखालून काढून तिथे सोडतात. करार करणारे देश अजून वाद घालताहेत, की याला 'टाकणं' म्हणायचं का. तेच पाणी जहाजात भरून नेलं असतं तर वादाला जागाच नव्हती. पाण्यात फरक नाही, भांड्यात फरक आहे. अशा करारावर सही करून काय पदरात पडणार?

आपल्या शहराचं बघा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाचा जपानी कर्जाचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला, ११ केंद्रं, सुमारे ९९० कोटी. मूळ मुदत केव्हाच उलटून गेली. भैरोबा नाल्यावर उभे राहा पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर. काळं पाणी, वर थर्माकोलच्या ताटल्या, दुधाच्या पिशव्या, डायपर. हे कुठल्या यादीत आहे? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आधी नाले, मग समुद्र, मग लंडन.

मुठाकाठची:

नाले आधी साफ करा, याला माझा विरोध कसा असेल? मी विठ्ठलवाडीजवळ राहते. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत घरांत शिरलं, ते सगळं डोळ्यांनी बघितलंय. पाणी ओसरल्यावर नदीपात्रातल्या बाभळींवर माझ्या डोक्याच्याही वर प्लास्टिकच्या चिंध्या लटकत होत्या. पूर किती वर चढला होता ते त्या चिंध्या सांगत होत्या. काही अजूनही तिथेच आहेत.

पण 'आधी हे, मग ते' असं का? एक काम दुसऱ्याला अडवतंय का? नाला साफ करणारा कामगार आणि लंडनच्या बैठकीला जाणारा अधिकारी ही काही एकच माणसं नाहीत.

इंजिनरूम:

३१ वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, आता बाणेरला असतो. नागझरीसाहेब, करारानं काय होतं हे मी माझ्या हातांनी केलेल्या कामावरून सांगतो. मग तुम्ही ठरवा.

मी १९८४ ला पहिल्या जहाजावर चढलो. तेव्हा कचरा म्हणजे काय? रात्री गॅलीतला, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातला, आणि इंजिनरूममधला कचरा पोत्यात भरायचा, मागच्या डेकवर न्यायचा आणि कठड्यावरून द्यायचा सोडून. रंगाचे डबे, तेलकट चिंध्या, प्लास्टिकचे ड्रम, तुटकी खुर्ची. मी स्वतः टाकलंय. कोणालाच त्यात गैर वाटत नव्हतं. समुद्र एवढा मोठा, त्यात एक पोतं ते काय!

३१ डिसेंबर १९८८ ला मार्पोल कराराचं पाचवं परिशिष्ट लागू झालं. बाईंनी सांगितलेला लंडन करार मुद्दाम नेऊन टाकण्याबद्दल आहे, आणि मार्पोल जहाजाच्या रोजच्या चालण्यातून जो कचरा, तेल, सांडपाणी निघतं त्याबद्दल. दोन्ही भावंडं म्हणा. पाचव्या परिशिष्टानं प्लास्टिक टाकायला सरसकट बंदी केली, कुठल्याही समुद्रात, किनाऱ्यापासून कितीही लांब. पहिली दोन-तीन वर्षं लोक हसत होते. मग बंदरात तपासनीस चढायला लागले. कचऱ्याची नोंदवही आली. त्यात तारीख, वेळ, जहाज नेमकं कुठे होतं, कुठल्या प्रकारचा कचरा, किती घनमीटर, जाळला की बंदरात दिला, खाली सही. बंदरात दिला तर त्याची पावती वहीला जोडायची. माझा एक अनुभव सांगतो. एका बंदरात तपासनिसानं वही उघडली, मागच्या चार महिन्यांत स्वयंपाकघराला किती माल आला त्याची बिलं मागितली आणि हिशोब घातला. एवढा माल आला तर एवढं वेष्टन निघायला हवं, मग ते गेलं कुठे? आमचा हिशोब जुळला म्हणून सुटलो. त्या दिवसानंतर आमच्या जहाजावरच्या पोरांनी पाण्याची रिकामी बाटलीसुद्धा बाहेर टाकली नाही.

चोऱ्या होतातच. तेलकट पाणी गाळणाऱ्या यंत्राला वळसा घालून चोरटा पाइप बसवायचा आणि रात्री पाणी थेट समुद्रात सोडायचं, याला आमच्यात 'मॅजिक पाइप' म्हणतात. 'कॅरिबियन प्रिन्सेस' या प्रवासी जहाजावर २०१३ मध्ये नव्यानं आलेल्या एका इंजिनिअरनं हे पकडून दिलं आणि २०१६ मध्ये त्या कंपनीनं अमेरिकेत गुन्हा आणि ४ कोटी डॉलरचा दंड कबूल केला. करार नसता तर त्या पोरानं तक्रार कशाच्या जोरावर केली असती?

एक उणीव मात्र सांगतोच. कचरा जहाजावर साठवून ठेवा म्हणता, मग तो उतरवून घ्यायची सोय प्रत्येक बंदरात पाहिजे. कित्येक बंदरांत गाडीच येत नाही, नाहीतर एवढे पैसे सांगतात की कॅप्टनचा हात आखडतो. सही करणाऱ्या देशानं ही सोयही करायची असते. तिथे बरेच देश कमी पडतात.

नागझरी:

काका, तुमचा अनुभव मला पटतो. पण त्यातूनच माझा मुद्दा निघतो. जहाजाला नाव आहे, नंबर आहे, कॅप्टन आहे, वही आहे. धरायला माणूस आहे. नाल्याला कॅप्टन कोण? म्हणून मी म्हणतो, करार तिथेच चालतो जिथे काम मुळात सोपं आहे.

आणि दुसरं. श्रीमंत देशांनी समुद्रात टाकणं बंद केलं ते गुण आल्यामुळे नाही. त्यांनी ते गरिबांच्या दारात टाकायला सुरुवात केली. 'खियान सी' जहाजाची गोष्ट बघा. फिलाडेल्फियाच्या कचराभट्टीची सुमारे १४,००० टन राख भरून ते १९८६ ला निघालं. कोणीच घेईना. हैतीच्या किनाऱ्यावर खत म्हणून चार हजार टन उतरवली आणि पळालं. सगळी मिळून दोन वर्षं फिरलं, नावं बदलली आणि शेवटी उरलेली राख भर समुद्रात गेली. लंडन करार लागू होऊन तेव्हा दहा वर्षं उलटली होती. कोणाचं काय वाकडं झालं?

मुठाकाठची:

असल्याच प्रकारांमुळे तर बाझल करार झाला, १९८९ ला. घातक कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्याची आधी लेखी संमती घ्यायची. भारत त्यात १९९२ पासून आहे. २०१९ मध्ये त्यात मिसळलेलं, घाण प्लास्टिकही घातलं. कॅनडातून फिलिपिन्सला 'पुनर्वापराचं प्लास्टिक' म्हणून गेलेल्या कंटेनरांत घरगुती कचरा निघाला होता. सहा वर्षं भांडून फिलिपिन्सनं २०१९ च्या मे महिन्यात ६९ कंटेनर कॅनडाला परत पाठवले. करार हातात होता म्हणूनच भांडता आलं. आणि दुसऱ्या देशानं समुद्रात टाकावा म्हणून कचरा निर्यात करायचा नाही, हेसुद्धा लंडन प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं आहे. तुम्ही दाखवताय त्या पळवाटा एकेक करून बुजवल्या गेल्यात. वेळ लागला, हे मान्य.

किरणोत्सारी कचऱ्याचंही तेच. १९४६ पासून देश पिंपांत भरून तो समुद्रात सोडत होते. ईशान्य अटलांटिकच्या तळाशी अशी दोन लाखांहून जास्त पिंपं आहेत, २०२५ च्या उन्हाळ्यात फ्रेंच शास्त्रज्ञ जाऊन त्यांचे फोटो काढून आले. १९९३ मध्ये लंडन कराराच्या देशांनी हे पूर्ण बंद केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियानं जपानच्या समुद्रात द्रवरूप किरणोत्सारी कचरा सोडला होता, जग संतापलं होतं, आणि त्या संतापाला ठेवायला एक जागा होती. त्यानंतर नवं पिंप सोडायची कोणाची छाती झालेली नाही.

अनुच्छेद:

वकिलीचं शेवटचं वर्ष चालू आहे. दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट सुटतेय, म्हणून लिहिते.

भारत लंडन करारात नाही हे खरं. पण समुद्र कायद्याच्या संयुक्त राष्ट्र करारात, म्हणजे अनक्लॉसमध्ये, आपण १९९५ पासून आहोत. त्याचं कलम २१० समुद्रात कचरा टाकण्याबद्दल आहे. त्यात म्हटलंय, की प्रत्येक देशाचे कायदे जागतिक नियमांपेक्षा कमी परिणामकारक असता कामा नयेत. हे 'जागतिक नियम' म्हणजे लंडनचे, असंच बहुतेक जाणकार मानतात. त्यामुळे बाई, आपण मोकाट आहोत असं नाही. सही नसली तरी बंधन मागच्या दारानं आलेलंच आहे. सहीनं वाढेल ते एवढंच, की किती परवाने दिले याचा अहवाल दरवर्षी द्यावा लागेल आणि बैठकीत मत देता येईल.

आता नागझरी यांच्यासाठी. जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाचं कलम २०७ आहे. तिथली भाषा वाचली की गंमत नाही, चीड येते. तिथे देशांनी आपले कायदे करताना जागतिक नियम 'लक्षात घ्यावेत' एवढंच म्हटलंय. जहाजाला 'कमी असता कामा नये', नदीला 'लक्षात घ्या'. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा जिथून येतो तिथे कायदा सगळ्यात मऊ. हे चुकून झालेलं नाही. जहाजं सगळ्यांच्या समुद्रात फिरतात, म्हणून सगळ्यांना नियम हवा होता. नदी मात्र प्रत्येकाला आपल्या घरातली वाटते, आणि घरात बाहेरच्यानं बोललेलं कोणालाच नको असतं.

नागझरी:

हेच मी दोन पानं म्हणतोय. तुम्ही चार ओळींत मांडलंत.

प्लवक:

मी सागरी जीवशास्त्रात काम करतो. विषय वेगळ्या बाजूनं, आणि बाईंच्या विरोधात.

'यादीत नाही ते सगळं बंद' हे ऐकायला छान आहे, पण त्याची झळ कोणाला लागते ते बघा. २००९ च्या सुरुवातीला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची एक संस्था मिळून दक्षिण अटलांटिकमध्ये लोहाफेक्स हा प्रयोग करायला निघाल्या. थोड्या भागात लोहयुक्त मीठ पसरायचं, सूक्ष्म वनस्पती वाढतात का, आणि त्या हवेतला कार्बन तळाशी नेतात का, हे पाहायचं. जहाज समुद्रात असताना ओरड सुरू झाली, की हे समुद्रात कचरा टाकण्यासारखंच आहे. शास्त्रज्ञ जहाजावर, लोखंड जहाजावर, आणि जर्मन सरकारनं थांबा म्हणून सांगितलं. काही दिवसांनी परवानगी मिळाली. प्रयोग झाला, उत्तरही मिळालं, आणि ते मोलाचं होतं : वनस्पती वाढल्या, पण सूक्ष्म प्राण्यांनी त्या खाऊन टाकल्या, कार्बन फारसा खाली गेलाच नाही. म्हणजे ज्या कंपन्या या मार्गानं पैसे कमवायची स्वप्नं बघत होत्या त्यांना या प्रयोगानंच खोटं पाडलं. तो अडला असता तर? वर्षानुवर्षं समुद्रात हवं ते ओतून श्रीमंत झालेले देश आता नियम करणार, आणि आमचं विज्ञान त्यांच्या दारात उभं राहणार, हे मला पटत नाही.

मुठाकाठची:

तुमचा राग समजतो. पण तुम्हीच सांगितलेल्या गोष्टीत माझं उत्तर आहे. आदल्याच वर्षी, २००८ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या बैठकीत ठराव झाला होता, की खऱ्या वैज्ञानिक संशोधनाला वाट द्यायची आणि बाकी कारणांसाठी समुद्राला असं खत घालण्याला मनाई. हा ठराव झाला तेव्हा आपण त्या टेबलावर सदस्य म्हणून नव्हतो. आपलं संशोधन अडतंय की नाही हे ठरवणाऱ्या खोलीत आपणच नसू, तर मग तक्रार कुठे करायची? २०१३ मध्ये असल्या प्रयोगांसाठी प्रोटोकॉलमध्ये दुरुस्तीही झाली, ती अजून लागू व्हायचीय. पुढच्या वीस वर्षांत हवामानाच्या नावाखाली समुद्रात काय काय ओतायचे बेत येतील याची मला भीती वाटते. तेव्हा तरी आपण आत असावं.

प्लवक:

टेबलाचा मुद्दा मानतो. यादीचा अजूनही मानत नाही. विज्ञानाला आधी परवानगी आणि मग प्रश्न, हा क्रम मला चुकीचाच वाटतो.

भरडखोल:

मी श्रीवर्धन तालुक्यातला, नोकरीला हिंजवडीत. आमच्या घरी अजून होडी आहे, भाऊ जातो.

तुम्ही सगळे कचरा समुद्रात कसा जातो ते बोलताय. तो परत कसा येतो ते सांगतो. डोल जाळं भरतीच्या ओढीला तोंड करून लावतात. ओढीबरोबर जे येईल ते आत. आधी बोंबील, जवळा, मांदेली यायचे. आता जाळं वर ओढलं की पहिली दिसते ती पिशवी. पावसाळा संपून पहिल्यांदा होडी गेली की जास्तच. मासे वेगळे काढायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त प्लास्टिक वेगळं करायला लागतो, आणि आई व काकू ते काम करतात, कारण तोवर पुरुष थकून झोपलेले असतात. जवळ्यात अडकलेले तुकडे सुटत नाहीत. मग सगळा जवळा सुकटीला चालत नाही, फेकावा लागतो. याचे पैसे कुठल्या करारात लिहिलेत?

आणि आमचंही सांगतो, लपवत नाही. फाटलेली नायलॉनची जाळी समुद्रातच सोडतात. ओढून आणली तर ठेवायची कुठे, घेणार कोण? आमच्या होड्या लहान, त्यांना ती नोंदवही वगैरे काही नाही. सुटलेलं जाळं पाण्यात मासे मारतच राहतं, कासवंही अडकतात.

सगळ्यात वाईट मला ते प्लास्टिकचे बारीक मणी वाटतात, कारखान्यात वस्तू बनवायला कच्चा माल म्हणून जातात ते. २०२१ ला कोलंबोजवळ 'एक्सप्रेस पर्ल' जळालं तेव्हा सुमारे १,६८० टन मणी समुद्रात गेले. २५ मे २०२५ ला केरळसमोर 'एमएससी एल्सा ३' बुडालं, तेव्हा तिथल्या किनाऱ्यांवर पांढरे मणी आले. लोक चाळणी घेऊन वाळू चाळत होते. मासे अंडी समजून खातात. साबुदाण्याएवढे असतात, एकदा वाळूत गेले की कोण काढणार?

इंजिनरूम:

मण्यांबद्दल भाऊ बरोबर बोलले. आमच्या कामात घातक मालाची वेगळी यादी असते, त्याला वेगळी खूण, वेगळी जागा. हे मणी त्या यादीत नाहीत. म्हणून कंटेनर डेकवर कुठेही, सगळ्यात वर, कडेलासुद्धा लागतो. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं शिफारसी काढल्या, की पॅकिंग मजबूत करा, कंटेनर शक्यतो डेकखाली लावा. शिफारसी म्हणजे पाळल्या तर पाळल्या. त्यांचा नियम व्हायला हवा, आणि आपल्या किनाऱ्याला दणका बसल्यावर तरी आपण त्यासाठी जोर लावायला हवा.

नागझरी:

बघा, पुन्हा तेच. आधी जहाज बुडतं, मग शिफारस येते. वरातीमागून घोडं.

प्लास्टिकचा मोठा करार तर होऊच दिला नाही. २०२२ च्या मार्चमध्ये नैरोबीत ठरलं, की बंधनकारक करार करायचा. बुसानला नाही जमलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हालाही नाही जमलं. तेल विकणारे देश उत्पादनावर मर्यादा नको म्हणतात, आणि भारतही उत्पादनावर मर्यादा नको याच बाजूला आहे. मग लंडनच्या यादीवर सही करून आपण समुद्राचे मित्र ठरणार का? नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार.

मुठाकाठची:

जिनिव्हात जे झालं त्याचं मलाही वाईट वाटतं, आणि त्यात आपल्या देशाची भूमिका चुकीची होती असं मला वाटतं. स्वस्त पिशवी गरिबाला लागते हे खरं, पण तीच पिशवी भरडखोलच्या काकूंच्या जवळ्यात निघते. एका ठिकाणी आपण चुकलो म्हणून दुसऱ्या ठिकाणीही लांब राहायचं, हे मात्र मला मान्य नाही.

उजनीकाठ:

इंदापूर तालुक्यातून लिहितोय. पुण्यातली मंडळी समुद्राबद्दल बोलताहेत, तर एक विचारतो. तुमच्या मुठेचं पाणी कुठल्या समुद्राला जातं हे कितीजणांना माहितीये? कोकणात नाही जात. मुळा-मुठा दौंड तालुक्यात भीमेला मिळते, भीमा उजनीत येते, पुढं कर्नाटकात कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदिवीला बंगालच्या उपसागराला. मधे किती धरणं! तुमची पिशवी समुद्राला पोचायच्या आधी आमच्याकडं अडकते. ११७ टीएमसीचं उजनी हाच तुमच्या शहराचा समुद्र आहे.

आमच्याकडं मच्छीमार आहेत, भिगवणला. पूर्वी जाळ्यात तऱ्हेतऱ्हेची मासळी यायची. आता चिलापी, चिलापी आणि चिलापी. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, वास येतो. गाळात पाय घातला की प्लास्टिक लागतं पायाला. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला तुमच्याकडचे लोक गाड्या घेऊन येतात, फोटो काढतात, काठावर पाण्याच्या बाटल्या टाकून जातात. त्याच पाण्यावर पुढं सोलापूर पितं.

लंडनवाल्यांनी यादी केली समुद्रासाठी. उजनीसाठी यादी कोण करणार? बाईंची 'यादीत नाही ते बंद' ही गोष्ट मला आवडली. ती इथं आणा. काय सोडायचं तेवढं लिहा, बाकी सगळं बंद.

मुठाकाठची:

तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मीसुद्धा वर्गात 'नद्या समुद्राला मिळतात' एवढ्यावरच थांबते. मधलं उजनी माझ्या फळ्यावर कधी आलंच नाही.

नागझरी, आता तुमचं अर्धं मानते. व्याख्या नदीला मोकळं सोडते, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे, हे मला या धाग्याआधी नीट कळलं नव्हतं. पण उरलेलं अर्धं नाही मानत. नाल्याला कॅप्टन नसतो म्हणालात. राडारोड्याच्या ट्रकला तर असतो ना? रात्री नदीपात्रात येऊन डंपर रिकामा करतो त्याला नंबर प्लेट आहे, ड्रायव्हर आहे, माल कुठल्या बांधकामाचा आहे ते बिल्डरला माहीत आहे. जहाजाला वही लावता येते तशी डंपरला का नाही? निघाला कुठून, किती घनमीटर, उतरवला कुठे, पावती. काकांनी सांगितलेला तपासनीस बिलं मागून हिशोब घालतो, तसाच इथे घालायचा. एवढं पाडकाम झालं तर एवढा राडारोडा निघायला हवा, तो गेला कुठे?

त्या मुलीला मी काल उत्तर दिलं, की आपण त्यात नाही, आणि का नाही ते मला सापडलं नाही. वर्गानं ठरवलंय, की खासदारांना पत्र लिहायचं. मसुदा मुलंच करताहेत.

नागझरी:

पत्रात डंपरच्या वहीचं कलम घाला. आणि जपानी प्रकल्पातली केंद्रं किती क्षमतेनं चालतात याची दर महिन्याची आकडेवारी नदीकाठी फलकावर लावा, हेही. तर माझी सही घ्या. नुसत्या लंडनसाठी मी सही करणार नाही.

मुठाकाठची:

दोन्ही घालते. पण पहिली ओळ लंडन प्रोटोकॉलचीच राहील.

नागझरी:

दुसरी असेल तरी चालेल का बघा मुलांना विचारून.

उजनीकाठ:

पत्राबरोबर मुलांना एकदा भिगवणला घेऊन या. पहाटे साडेपाचला होड्या काठाला लागतात, तेव्हा या. जाळ्यातलं मासे काढायच्या आधीचं बघायला मिळेल. माझ्या चुलत्यांना सांगून ठेवतो, त्या दिवशी ते निवडायचे थांबतील.

भरडखोल:

बाई, मी पण येतो. आमच्याकडचं सुकट आणतो, त्यातले तुकडे मुलांना दाखवायला.